ॲक्सल नट हा बेअरिंगचाच भाग आहे

चाकाचं बेअरिंग बदललं, गाडी काही दिवस शांत चालली आणि मग पुन्हा तीच घरघर सुरू झाली, की दोष सगळ्यात आधी नव्या बेअरिंगवर जातो. माल हलका निघाला म्हणून दुसरं आणलं जातं, त्याच पद्धतीनं बसवलं जातं आणि तेही लवकर जातं. माल कधीकधी खरंच वाईट असतो. पण बऱ्याचदा बेअरिंग उत्तम असतं. चुकीचा आवळलेला असतो तो शेवटी लावलेला एक मोठा नट.

हा नट म्हणजे चाकाचे चार-पाच नट नव्हेत. ते चाकाला हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या फिरत्या मधल्या भागावर, धरतात, पंक्चर झालं की आपण सोडतो ते. ॲक्सल नट हबच्या अगदी मध्यभागी असतो, ड्राइव्ह शाफ्टच्या (इंजिनची ताकद चाकाला देणाऱ्या दांड्याच्या) किंवा स्टब ॲक्सलच्या (न फिरणाऱ्या खुंटाच्या) टोकावर, अनेकदा एका छोट्या टोपीखाली झाकलेला. चाक निसटू नये म्हणून लावलेला नट, इतकीच त्याची ओळख बहुतेकांना असते. म्हणून मग जितका घट्ट तितका बरा असं धरून तो जीव खाऊन पिळला जातो, किंवा बेअरिंग जाम होईल ह्या भीतीनं सैलच सोडला जातो. दोन्ही सवयींचं मूळ एकच आहे. हा नट बेअरिंगच्या आत काय करतो, हे कुणी सांगितलेलंच नसतं. मी तर म्हणेन, त्याला बेअरिंगचाच एक भाग समजावं. तो नीट आवळला जाईपर्यंत अनेक गाड्यांत बेअरिंगची जुळणी पूर्ण झालेलीच नसते.

दोन अर्ध्या रिंगा आणि काही टन दाब

आजच्या बऱ्याच मोटारगाड्यांच्या चाकात छऱ्यांच्या दोन ओळींचं सीलबंद बेअरिंग असतं. त्याची बाहेरची रिंग अखंड असते आणि ती नकलमध्ये, म्हणजे चाक सस्पेन्शनला जोडणाऱ्या भागात, दाबून बसवलेली असते. आतली रिंग मात्र दोन भागांची असते. छऱ्यांची एक ओळ एका भागावर, दुसरी ओळ दुसऱ्या भागावर. हे दोन भाग मध्यभागी एकमेकांना तोंडाला तोंड लावून टेकतात. ती तोंडं कारखान्यात इतक्या नेमकेपणानं घासलेली असतात की दोन्ही भाग पूर्ण टेकले, की छऱ्यांवर जेवढा हवा तेवढाच दाब येतो. ह्या आधीच दिलेल्या दाबाला प्रीलोड म्हणतात. गाडीचं वजन पडण्याआधीच छर्रे आपापल्या खाचेत किंचित दाबून धरलेले असतात, त्यामुळे वजन आलं की ते मोजक्या छऱ्यांवर न पडता अनेकांत वाटलं जातं.

पण टेकले म्हणजे काय? नुसते हातानं जुळवून ठेवले तर ते टेकलेले राहणार नाहीत. वळणावर, खड्ड्यात, ब्रेक लावताना चाक बेअरिंगला बाजूनं ढकलत असतं. त्या धक्क्यांपुढे दोन अर्ध्या रिंगांना घट्ट धरून ठेवणारं काहीतरी हवं, आणि ते काम नट करतो. नट हबला दाबतो, हबचा खांदा बाहेरच्या अर्ध्या रिंगला, ती आतल्या अर्ध्या रिंगला, आणि ती शेवटी सीव्ही जॉइंटच्या (ड्राइव्ह शाफ्टच्या टोकाच्या वळत्या सांध्याच्या) खांद्यावर जाऊन अडते. ही सगळी चळत काही टन दाबाखाली एकजीव झालेली असते. बेअरिंगमध्ये किती दाब असावा हे कारखान्यातल्या घासकामानं ठरवलेलं आहे. तो तसाच टिकवून ठेवणं ही नटाची जबाबदारी.

नट सैल राहिला तर अर्ध्या रिंगा मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतक्या दूर सरकतात. डोळ्यांना दिसणारही नाही असं हे अंतर. पण छऱ्यांसाठी ते खूप असतं. प्रीलोड जातो, वजन थोड्याच छऱ्यांवर पडतं, खाचेच्या पृष्ठभागावर खपल्या निघू लागतात. आतली रिंग हबच्या दांड्यावर हळूहळू घसरत फिरते आणि दांडा खाते. सील आपल्या जागेवरून हलतं, पाणी आणि धूळ आत जाते, ग्रीस बाहेर येतं. गाडी सुरू करून पुढे घेताना किंवा रिव्हर्समध्ये टाकताना चाकातून एकच 'टक्' असा आवाज आला, तर नट सैल असल्याची ती खूण असू शकते: सीव्ही जॉइंटचा खांदा बेअरिंगवर घसरतो त्याचा तो आवाज. एबीएसचा (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा अधूनमधून लागणं हीसुद्धा एक खूण. अनेक बेअरिंगांच्या सीलमध्येच सेन्सरसाठी चुंबकीय पट्टी असते, आणि बेअरिंग डुलू लागलं की तिच्यातलं आणि सेन्सरमधलं अंतर बदलत राहतं.

म्हणूनच ह्या जातीच्या बेअरिंगवर नट आवळण्याआधी गाडीचं वजन टाकायचं नसतं. ड्राइव्ह शाफ्ट काढून ठेवलेली गाडी 'नुसती दोन फूट' ढकलली जाते, तेव्हा त्या दोन फुटांत दोन्ही अर्ध्या रिंगा विलग होऊ शकतात आणि छर्रे खाचेच्या काठावर चढून तिथे घाव करू शकतात. बेअरिंग जुनं असेल आणि तसंही फेकायचं असेल तर हरकत नाही. पण फक्त सीव्ही बूट (सीव्ही जॉइंटवरचं रबरी आवरण) बदलायचा आहे आणि बेअरिंग तेच ठेवायचं आहे, अशा कामात ही चूक सर्रास होते आणि मागाहून कुणाला कारण कळत नाही.

जिथे घट्ट आवळणं हाच घात

आता दुसरं घराणं. हेन्री टिमकेन ह्यांनी १८९८ मध्ये अमेरिकेत शंकूच्या आकाराच्या रोलरच्या बेअरिंगचं पेटंट घेतलं. टिमकेन मुळात घोडागाड्या बनवणारे, आणि वळणावर चाकाला बाजूनं बसणारा रेटा बेअरिंगनं कसा सोसावा हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. रोलर शंकूसारखा निमुळता केला तर तो वरून येणारं वजन आणि बाजूचा रेटा दोन्ही घेतो. ही टॅपर रोलर बेअरिंगं आजही ट्रक, ट्रेलर, ट्रॅक्टर, अनेक जुन्या मोटारी आणि ड्रम ब्रेकच्या मागच्या चाकांत असतात. एका हबमध्ये दोन, निमुळत्या बाजू एकमेकांकडे करून.

इथे मोठा फरक असा की दोन्ही बेअरिंगांच्या आतल्या रिंगा बहुतेक वेळा एकमेकांना टेकतच नाहीत. मध्ये मोकळी जागा असते. नट फिरवला की बाहेरच्या बाजूच्या बेअरिंगची आतली रिंग आत सरकते आणि थेट रोलर दाबले जातात. थांबवायला मध्ये काहीच नाही. जितका नट पिळाल तितके रोलर शंकूत रुतत जातात. म्हणजे इथे बेअरिंगमधला दाब कारखान्यानं ठरवलेला नाही. तो नट फिरवणारा माणूस ठरवतो, दर वेळी नव्यानं.

आणि इथे फार थोड्यानं फार फरक पडतो. आट्यांचं अंतर दीड मिलिमीटर असेल तर नटाच्या एका पूर्ण फेऱ्यात रिंग दीड मिलिमीटर सरकते. सहा खाचांच्या कॅसल नटाची (खाचेतून पिन घालून अडवायच्या नटाची) एक खाच म्हणजे ६० अंश, म्हणजे पाव मिलिमीटर. ट्रक-ट्रेलरच्या चाकांसाठी मान्य असलेली चाल, म्हणजे बेअरिंगमध्ये ठेवलेली मोकळीक, ०.०२५ ते ०.१२७ मिलिमीटर आहे. एका खाचेचा फरकसुद्धा त्या मर्यादेच्या दुप्पट झाला. काही ॲक्सलच्या टोकाला पिनेसाठी एक नव्हे, एकमेकांना काटकोनात दोन आरपार भोकं असतात, ती ह्याचसाठी: सहा खाचांच्या नटाला मग ३०-३० अंशांवर थांबता येतं.

जास्त आवळलेल्या टॅपर बेअरिंगमध्ये जे घडतं ते पायरी-पायरीनं बिघडत जातं. दाब जास्त म्हणून घर्षण जास्त, घर्षणानं उष्णता, उष्णतेनं आतली रिंग आणि रोलर फुगतात, फुगल्यामुळे दाब आणखी वाढतो. ग्रीस पातळ होऊन पळतं किंवा जळतं. उघडून पाहिलं तर रोलर निळे-जांभळे पडलेले दिसतात. अगदी टोकाला बेअरिंग जाम होऊन चाक सुटण्यापर्यंत मजल जाऊ शकते, आणि भरधाव ट्रकच्या बाबतीत त्याचा अर्थ काय होतो हे सांगायला नको.

अशा बेअरिंगचा नट आवळण्याची रीत सगळीकडे थोड्याफार फरकानं सारखी आहे. चाक फिरवत ठेवून नट बऱ्यापैकी आवळायचा, म्हणजे रोलर आपापल्या कडेला जाऊन बसतात आणि जादा ग्रीस बाजूला होतं. मग नट सोडायचा. मग पुन्हा, ह्या वेळी अगदी हलक्या हातानं, दिलेल्या छोट्या टॉर्कवर (पिळण्याच्या मोजलेल्या जोरावर) किंवा चालीवर आणायचा. अवजड वाहनांसाठी अमेरिकेतल्या टेक्नॉलॉजी अँड मेंटेनन्स कौन्सिलची आरपी ६१८ ही शिफारस केलेली पद्धत प्रमाण मानली जाते. तिच्यात चाक फिरवत २०० पाउंड-फूट म्हणजे सुमारे २७१ न्यूटन-मीटरपर्यंत आवळून नट एक पूर्ण फेरा सोडतात, मग फिरवतच ५० पाउंड-फूट म्हणजे सुमारे ६८ न्यूटन-मीटरवर आणतात, आणि तिथून पुन्हा ॲक्सलप्रमाणे ठरलेला फेऱ्याचा एक भाग सोडून लॉक करतात. शेवटी डायल गेज (काट्याचं सूक्ष्म मापक) लावून चाल मोजायची. हातानं हलवून 'बरोबर वाटतंय' म्हणणं ह्या कामात चालत नाही, कारण मिलिमीटरचा दहावा भाग मनगटाला कळत नाही.

चाक फिरवत का आवळायचं, हे मला सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं, कारण घाईत हीच पायरी गळते. चाक थांबलेलं असताना रोलर तिरके, अर्धवट वर सरकलेले असतात. त्या स्थितीत टॉर्क पाना (ठरवलेला टॉर्क आला की 'कट्' वाजणारा) पूर्ण आकडा दाखवेल. गाडी शंभर मीटर गेली की रोलर आपल्या जागी बसतील आणि त्या आकड्यामागचा दाब नाहीसा होईल. आकडा खरा होता, पण तो चुकीच्या गोष्टीचा होता.

एकाच जागी, उलटे नियम

दोन्ही घराण्यांत चुकीची शिक्षा सारखी नाही. बेअरिंगचं आयुष्य आणि आतला दाब ह्यांचा आलेख काढला तर शिखर थोड्याशा प्रीलोडवर येतं. शिखराच्या एका बाजूला, म्हणजे सैल होत जाताना, उतार मंद आहे. दुसऱ्या बाजूला, दाब वाढत जाताना, कडा आहे. टॅपर बेअरिंगमध्ये माणसाचा हात कड्याच्या बाजूला जाऊ नये म्हणून उत्पादक मुद्दाम थोडी चाल ठेवायला सांगतात: आयुष्य किंचित कमी झालं तरी चालेल, कडा नको. छऱ्यांच्या दोन ओळींच्या बेअरिंगमध्ये मात्र रिंगा एकमेकांना टेकलेल्या असल्यानं त्या कड्यापासून संरक्षण आधीच मिळालेलं असतं, आणि खरा धोका सैल राहण्याचा असतो. तिथे जास्त आवळल्यानंही नुकसान होतंच, पण वेगळं: आटे ताणले जातात, शाफ्टचं टोक कायमचं लांबतं, नटाची पकड जाते.

म्हणून पहिला प्रश्न 'किती टॉर्क?' हा नसावा. 'ह्या चाकात कोणतं बेअरिंग आहे?' हा असावा. ड्राइव्ह शाफ्ट स्प्लाइनमधून (दातेरी खाचांच्या जोडातून) हबच्या आरपार येत असेल आणि नट जाडजूड असेल, तर बहुधा दाबून धरण्याचा प्रकार. टोपी काढल्यावर आत ग्रीस, सुटं होणारं बेअरिंग, कॅसल नट किंवा नटावर पत्र्याचं खाचांचं झाकण, आणि नटाखाली आतून जीभ असलेला वॉशर दिसला, तर बहुधा चाल ठेवण्याचा प्रकार. ती जीभ ॲक्सलच्या खोबणीत बसते, म्हणजे फिरू पाहणारी रिंग नटाला सोबत फिरवू शकत नाही. तो वॉशर गाळून नट लावू नये. फसगत होते ती मागच्या चाकांत. बाहेरून दोन गाड्यांची मागची चाकं सारखी दिसतात. एकीत नट हलका ठेवायचा असतो, दुसरीत सीलबंद हब असतो आणि नट दोनशे न्यूटन-मीटरच्या घरात जातो. एकीची सवय दुसरीला लावली की झालंच.

तिसरा प्रकारही आहे. काही हब युनिटमध्ये हबच्या दांड्याचं टोक कारखान्यातच आतल्या रिंगेवर दुमडून पक्कं केलेलं असतं. त्यात प्रीलोड नटावर अवलंबून नसतो. तरीही नटाचा टॉर्क पाळावाच लागतो, कारण शाफ्ट आणि हब ह्यांच्यातला जोड तोच धरतो.

मोटरसायकलच्या चाकातही हाच विचार आहे. दोन बेअरिंगांच्या मध्ये एक नळी असते, आतल्या रिंगांच्या मधोमध. ॲक्सल नट आवळला की दाब रिंग, नळी, रिंग असा सरळ जातो आणि छऱ्यांना बाजूचा रेटा बसत नाही. ती नळी बसवायची राहिली, किंवा एक बेअरिंग प्रमाणाबाहेर आत ठोकलं, तर आवळलेला नट छऱ्यांना थेट बाजूनं चिरडतो.

टॉर्कच्या आकड्यात काय असतं

एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला साधारण २५ किलो वजन टांगलं की सुमारे २५० न्यूटन-मीटर टॉर्क होतो. दांडा अर्धा मीटरचा असेल तर त्याच टॉर्कला ५० किलोचा जोर. अनेक मोटारींच्या पुढच्या ॲक्सल नटाचा आकडा ह्याच्या आसपास, कमी-जास्त असतो. आपल्या गाडीचा आकडा तिच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावा. त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलचा, किंवा त्याच मॉडेलच्या दुसऱ्या वर्षाचा आकडा लागू पडेलच असं नाही. एककही तपासावं. पाउंड-फूटमधले २०० हे न्यूटन-मीटर समजून लावले तर नट चौथ्या हिश्शाहून जास्त कमी आवळला जाईल, आणि उलट गफलत झाली तर जवळपास छत्तीस टक्के जास्त.

पण टॉर्क म्हणजे दाब नव्हे. आपल्याला हवा असतो दाब, मोजता येतो फक्त पीळ. नट पिळताना लावलेल्या ताकदीपैकी ढोबळमानानं दहाच टक्के शाफ्टला ताणून दाब निर्माण करतात. उरलेली नव्वद टक्के नटाच्या तळाशी आणि आट्यांमध्ये घर्षणात जाते. म्हणून घर्षण थोडं बदललं की दाब पुष्कळ बदलतो. २४ मिलिमीटर व्यासाचे आटे घेऊ, २५० न्यूटन-मीटर टॉर्क. कोरड्या, स्वच्छ आट्यांवर हिशेबानं साधारण ५२ हजार न्यूटन, म्हणजे सव्वापाच टनांच्या आसपास दाब येतो. त्याच आट्यांना तेल लागलं आणि ह्या हिशेबातला नट फॅक्टर (घर्षणाचा परिणाम धरणारा आकडा) ०.२ वरून ०.१५ वर आला, तर तोच टॉर्क ६९ हजार न्यूटन, म्हणजे सात टनांच्या वर जातो. पाना दोन्ही वेळा त्याच आकड्यावर 'कट्' म्हणाला. आता उलट बाजू पाहा: आट्यांत गंज, वाळू, जुन्या थ्रेड लॉकचे (आटे चिकटवणाऱ्या द्रवाचे) कण राहिले असतील तर पाना आकडा दाखवेल, पण दाब अर्ध्यावरही नसू शकतो.

तेव्हा आटे ब्रशनं स्वच्छ करणं हे टापटिपीसाठी नसतं. मापाचाच तो पहिला भाग असतो. तेल लावायचं की कोरडे ठेवायचे, हे मॅन्युअल सांगतं. नव्या नटावर अनेकदा आधीच पातळ लेप असतो. तो पुसू नये. हबचं तोंड, सीव्ही जॉइंटचा खांदा आणि वॉशर ह्यांच्यावरचा गंज, रंग, जुन्या ग्रीसची माती काढावी. ह्या थरांवर नट आवळला तर थर काही दिवसांत चिरडून पातळ होतात आणि तेवढाच दाब निघून जातो. नट तसूभरही फिरलेला नसतो, तरी तो सैल झालेला असतो.

प्रत्यक्ष आवळताना

बेअरिंग नकलमध्ये दाबताना जोर बाहेरच्या रिंगेवर, हब आत दाबताना आधार आतल्या रिंगेला. जोर छऱ्यांमधून गेला तर बेअरिंग बसवण्याआधीच संपलं. मग नट कितीही नेमका आवळा. चुंबकीय पट्टीची बाजू सेन्सरकडे यायला हवी, हेही दाबण्याआधी पाहायचं.

शाफ्ट हबमधून ओढून घेण्यासाठी नवा नट वापरू नये. त्या ओढाताणीत नटाची लॉक करणारी बाजू झिजते आणि आटे खरवडतात. शाफ्ट जुन्या नटानं ओढून पूर्ण बसवावा, मग नवा नट लावावा. नवा म्हणजे नवाच. हे नट बहुतेक एकदाच वापरायचे असतात: कशात नायलॉनची कडी असते, कशाचे आटे मुद्दाम किंचित वेडेवाकडे केलेले असतात, कशाची पातळ कॉलर शाफ्टच्या खोबणीत पंचानं ठोकून बसवलेली असते. एकदा सोडलेल्या नटात ही पकड पहिल्यासारखी उरत नाही. नट वाचवून बेअरिंग गमावणं हा अगदी वाईट सौदा आहे.

गाडी जॅकवर नको, स्टँडवर हवी, आणि उरलेल्या चाकांना उटी (अडवणारे ठोकळे) लावलेली. पन्नास किलोच्या जोरानं तुम्ही दांडा ओढणार आहात. नुसत्या जॅकवर तोलून धरलेली गाडी त्या ओढीनं घसरू शकते. हब फिरू नये म्हणून एकानं ब्रेक दाबून धरावा. एकटं असाल तर चाकाच्या दोन बोल्टांवर नट चढवून त्यांच्यात मजबूत पहार अडकवता येते. नट चढवायचे ते बोल्टचे आटे दुखू नयेत म्हणून. काही गाड्यांत एका बाजूला उलटे आटे असतात. नट नेहमीच्या दिशेनं सुटत नसेल, तर लांब पाइप लावण्याआधी आटे बघावेत.

दाबून धरण्याच्या बेअरिंगला निम्म्या टॉर्कवर आणून हब काही फेरे फिरवावा, मग पूर्ण टॉर्क. पाना मुठीच्या जागी धरून एकाच संथ ओढीत फिरवावा. झटका दिला तर 'कट्' वाजेपर्यंत हात पुढे गेलेला असतो. 'कट्' वाजल्यावर खात्रीसाठी आणखी एकदा ओढायचं नाही. ती खात्री नसते, ती भर असते. काही गाड्यांत आकड्यानंतर ठरावीक अंश फिरवायला सांगितलेलं असतं. घर्षणाचा गोंधळ टाळण्याचा तो उत्तम उपाय आहे, कारण अंश घर्षणावर अवलंबून नसतात. नटावर आणि हबवर रंगाची एक रेघ मारून अंश मोजावेत. ते चाक हवेत असताना फिरवायचे की जमिनीवर टेकल्यावर, हे गाडीप्रमाणे बदलतं. पहिल्या टॉर्कपर्यंत मात्र बेअरिंगवर वजन नको.

टॉर्क पाना नट सोडायला वापरू नये, आणि काम झाल्यावर त्याची स्प्रिंग सैल करून ठेवावी. आयएसओ ६७८९ ह्या मानकाप्रमाणे ह्या कामाच्या मोठ्या टॉर्क पान्याची चूक चार टक्क्यांत असायला हवी, पण ही अपेक्षा तपासून घेतलेल्या पान्याकडून आहे, वर्षानुवर्षं डिकीत पडलेल्याकडून नाही.

बेअरिंग फेकायचंच असेल तर इम्पॅक्ट गननं (ठोके देत नट फिरवणाऱ्या यंत्रानं) नट सोडायला हरकत नाही. आवळायला आहे. गन काही मोजत नाही. ती ठोके देते, आणि किती दाब आला हे आटे, हवेचा दाब आणि बोट किती वेळ दाबलं ह्यावर ठरतं. बेअरिंग बनवणारे ॲक्सल नटावर ती वापरू नका असं स्पष्ट सांगतात. गननं आवळून मग टॉर्क पाना लावून 'कट्' ऐकणं हीसुद्धा तपासणी नव्हे. नट न फिरता पाना वाजला, तर एवढंच कळतं की नट तेवढा किंवा त्याहून कितीतरी जास्त घट्ट आहे. शंका आली तर नट सोडून, नवा घेऊन, पुन्हा पहिल्यापासून.

लॉक करताना कॅसल नटाची खाच भोकासमोर आली नाही, तर दाबून धरण्याच्या बेअरिंगला नट पुढे आवळून पुढच्या खाचेवर न्यायचा, मागे कधीच सोडायचा नाही. चाल ठेवण्याच्या टॅपर बेअरिंगला उलट: थोडा सोडून जवळची खाच गाठायची. कॉलर ठोकायची असेल तर बोथट, गोल तोंडाचा पंच घ्यावा. धारदार छिन्नीनं कॉलर चिरते आणि चिरलेली कॉलर काही धरत नाही.

मग चाक लावून, वर-खाली पकडून हलवावं, हातानं फिरवावं, स्प्रिंगवर दुसरा हात ठेवून खरखर जाणवते का ते बघावं. टॅपर बेअरिंगला किंचित चाल लागली तर ती ठेवलेलीच आहे; दाबून धरण्याच्या बेअरिंगला लागली तर काम पुन्हा उघडावं लागेल. थोडं अंतर चालवून आल्यावर डाव्या आणि उजव्या हबचं तापमान मोजावं, शक्यतो दुरून मोजणाऱ्या थर्मामीटरनं, कारण शेजारची ब्रेकची डिस्क हात भाजण्याइतकी तापलेली असते. ब्रेक अडकलेला नसताना एक हब दुसऱ्यापेक्षा स्पष्ट गरम लागला, तर गाडी पुढे न चालवता तो नट त्याच दिवशी पुन्हा बघावा.